मेण आधी, मध नंतर

धुळ्याला पाच कंदील म्हटले की माणसाला बाजार आठवतो, दिवा आठवत नाही. त्या बाजाराच्या आसपासच्या चार दुकानांत मी मेण मागितले. तीन ठिकाणी पांढरी, गुळगुळीत वडी पुढे आली. ती पॅराफिनची होती, म्हणजे रॉकेल निघते त्याच खनिज तेलातून निघालेली. चौथे दुकान युनानी औषधांचे होते. तिथल्या वयस्क चाचांनी आधी विचारले, "मोम ज़र्द पाहिजे का? मलमासाठी?" मग कागदात गुंडाळलेला पिवळसर खडा काढून दिला. युनानीत तेल आणि मेण एकत्र करून जी कैरूती बनते ती याच मेणाची. मोची दोऱ्याला लावतो ते मेणही मुळात हेच.

गंमत अशी, की मेणबत्ती हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातले मेण केव्हाच निघून गेले आहे. मोमबत्तीतला फारसी मोम म्हणजे मधमाशीचे मेणच, आणि गझलेतली शमा ज्या अरबी शब्दातून आली त्याचाही मूळ अर्थ मेण. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वस्त पॅराफिन आले. शब्द तेच राहिले, आतला पदार्थ बदलला. शायरीतला परवाना शमेवर जळून मरतो. खऱ्या मेणाच्या पतंगाची अळी मात्र मेणाचे पोळेच पोखरून खाते. पण ही माहिती कोणत्याही शायराच्या उपयोगाची नाही.

तो खडा पिशवीत टाकून मी जळगावची एस.टी. धरली. पारोळा, एरंडोल मागे पडले. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली, पऱ्हाटी उपटलेली शेते होती. जळगावला मेहरूणमध्ये माझी मावसबहीण राहते. वयाने मोठी म्हणून आम्ही सगळे तिला आपा म्हणतो. दोन वर्षांपासून ती घरीच साच्यातल्या नक्षीदार मेणबत्त्या बनवते. ईदला, निकाहाच्या भेटवस्तूंत, कधी नव्या घराच्या दावतीला लोक घेऊन जातात. तिने खडा हातात घेतला, अंगठ्याने दाबला, वास घेतला आणि म्हणाली, "अर्धा खरा आहे." खरे मेण हाताच्या उबेने कणकेसारखे मळता येते. पॅराफिन मिसळले की ते बोटाला तेलकट लागते आणि भुगा होऊन सुटते. तोडल्यावर खऱ्या मेणाची कड दाणेदार दिसते आणि मधाचा वास जातच नाही.

आपाचे साचे पाहून मला हसू आले. ते होळी-पाडव्याच्या साखरेच्या हारांचे लाकडी साचे होते. सण नुकताच होऊन गेला होता, आणि गल्लीतल्या एका हलवाईभाऊंनी आपले जुने साचे तिला दिले होते. त्या साच्याची दोन फळ्या जुळवून जोडी होते, मधून दोरा जातो आणि वरून पाक ओततात. आपा दोऱ्याच्या जागी वात घालते, पाकाच्या जागी मेण. हलवाई साचे पाण्यात भिजवून ठेवतात म्हणजे साखर चिकटत नाही. तीच युक्ती मेणालाही लागू पडते. रात्रभर भिजलेल्या लाकडातून फूल, पान, जाळीचे पदक अलगद सुटते. चेहरे, प्राणी ती करत नाही. पण एका सुताराकडून तिने सीताफळाचा साचा मुद्दाम कोरून घेतला आहे, आणि त्याचीच मागणी सर्वांत जास्त आहे.

ज्या भगिनींना घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी तिची रीत सांगते. पोळ्याचा चोथा स्टीलच्या पातेल्यात पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवायचा. लोखंडी भांड्यात मेण काळवंडते. बोअरच्या जड पाण्यात ते साबणासारखे फुगीर होते, म्हणून आपा पावसाचे पाणी साठवून ठेवते. वितळले की मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळायचे आणि झाकून हळूहळू थंड होऊ द्यायचे. मेण पाण्यावर तरंगून थिजते, घाण तळाला बसते. खालची काळी साय सुरीने खरवडून पुन्हा एकदा गाळायचे.

साच्यात ओतताना मेण कधीही थेट आचेवर वितळवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचे भांडे. मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळते, त्यामुळे पाण्याची उष्णता पुरेशी होते. भांड्याला आग लागलीच तर पाणी मुळीच टाकायचे नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचे. हे ती प्रत्येकीला दोनदा सांगते. वात कापसाच्या सुताची, तीन पदरी वेणी घातलेली, आणि पॅराफिनला लागते त्यापेक्षा जाड. ती आधी मेणात बुडवून सरळ वाळवून घ्यायची. हे मेण घट्ट असते. बारीक वात त्यात खड्डा करून बुडते आणि विझते. थंड होताना मेण आक्रसते, मधे वातीभोवती खळगा पडतो, तो दुसऱ्यांदा ओतून भरायचा. घाईने फ्रिजमध्ये ठेवले की तडा गेलाच म्हणून समजा. काही आठवड्यांनी वर पांढरी भुकटी येते. ती बुरशी नव्हे, खऱ्या मेणावर येते तशी येते. मऊ कापडाने पुसली की झाले.

आणि जळगावचा उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. मेण वितळत नाही, पण मऊ पडते. म्हणून परदेशी चित्रांतल्यासारख्या उंच सडपातळ बत्त्या इथे वाकून नमस्कार घालू लागतात. आपाच्या सगळ्या बत्त्या बुटक्या आणि जाड आहेत, त्यामागे नक्षीपेक्षा हवामान जास्त आहे.

मेण कुठून येते ते पाहायला तिच्याबरोबर भुसावळमार्गे यावलला गेले. तापी ओलांडली की केळीचे बाग सुरू होतात आणि त्यांच्यामागे सातपुडा उभा राहतो. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात डोंगराच्या पायथ्याला तडवी भिल्लांची गावे आहेत. तडवी आदिवासी आहेत आणि मुसलमानही. आपल्या शहरी मुस्लिम घरांत त्यांच्याविषयी किती कमी माहिती असते, याचे मला वाईट वाटले. मोह टपकत होता. अंगणात फुले वाळत घातली होती. ज्या चाचांकडून आपा चोथा घेते त्यांनी सलाम करून खाट टाकली. ते म्हणाले, "मध विकतो. मेण कोण विचारतंय? पूर्वी फेकूनच द्यायचो."

कायद्याने मात्र ते फेकण्याजोगे मानलेले नाही. 2006 च्या वन हक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेण ही दोन्ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत.

चाचांनी पोळ्याचे दोन तुकडे दाखवले. आग्या माशी फांदीला किंवा कड्याला एकच मोठे पोळे लटकवते. त्याच्या वरच्या जाड भागात मध असतो, खालच्या मोठ्या पडद्यात अंडी आणि अळ्या. मधाच्या भागाचे मेण नवे आणि फिकट पिवळे. अळ्यांच्या भागाचे काळपट, कोषांच्या सालींनी भरलेले, वितळवले तर त्यातून अर्ध्याहून कमी मेण हाती येते. फक्त वरचा भाग कापला तर माश्या उरलेल्या पोळ्यावर परत येतात आणि पिल्ले वाचतात. सगळे कापले तर एक पिढी संपते. चाचा हल्ली वरचाच भाग कापतात. पण मेणाला भाव आला तर?

हा प्रश्न त्यांनीच विचारला. एक किलो मेण बांधायला माश्यांना सहा-आठ किलो मध खर्चावा लागतो असे मानतात. तरुण कामकरी माश्यांच्या पोटाखालच्या ग्रंथींतून ते पापुद्र्या-पापुद्र्याने निघते. कुरआनची सोळावी सूरह, सूरह अन-नहल, मधमाशीच्या नावाची आहे. तिच्या 68 व्या आयतीत डोंगरात, झाडांत आणि माणसांच्या बांधकामांत घर करण्याचा आदेश आहे. माणसांसाठी शिफा असलेल्या पेयाचा उल्लेख त्यानंतरच्या आयतीत येतो. आपण मधाच्या बाटलीवर दुसरी गोष्ट छापतो. पहिली, घराची, वाचून पुढे जातो. मेण म्हणजे ते घर.

आपाने तिथेच ठरवले. काळा चोथा घ्यायचा नाही. फक्त मधाच्या भागाचे मेण, आणि माश्या स्वतःहून स्थलांतर करून गेल्यावर रिकामी राहिलेली पोळी. भाव मात्र आधीपेक्षा जास्त, म्हणजे चाचांचे नुकसान होणार नाही. खाटेवर बसून हिशेब झाला तेव्हा मेण निम्म्यावर आले होते.

त्याच आठवड्यात एका निकाहासाठी दोनशे बत्त्यांची मागणी आली होती. आपाने चाळीस होतील म्हणून कळवले. उरलेल्या बाजारातून पॅराफिनच्या घ्या, छान मिळतात, असे तिनेच सुचवले. फक्त त्यांच्यावरच्या चिठ्ठीत मधमाशीचे नाव लिहू नका, एवढे बजावले.