वेलांटी कुणाची?

रात्रपाळीला लॉग वाचत होतो. एका ओळीत नाव किरणचं, पुढची रक्कम महेशची. प्रोग्रॅम जावातला, मजकूर जोडायला स्ट्रिंगबफर; तेव्हा थ्रेड कितीही असोत, काळजी नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

जावातली स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. लूपमध्ये अधिक चिन्हाने जोडत गेलं, तर दर खेपेला मागचा सगळा मजकूर पुन्हा उतरवावा लागतो. एका शब्दासाठी अख्खी वही पहिल्या पानापासून लिहून काढायची! म्हणून १९९६च्या पहिल्या आवृत्तीपासून स्ट्रिंगबफर आहे. तो जागा राखून ठेवतो आणि पुढे भर घालत जातो. पण प्रत्येक भरीला कुलूप लावायचं, मजकूर ठेवायचा, कुलूप काढायचं. खोलीत दुसरं कुणी नसलं तरी. २००४ साली जावा ५ सोबत स्ट्रिंगबिल्डर आला. काम तेच, कुलूप नाही. एकच थ्रेड असेल तर हाच वापरा, असं जावाची कागदपत्रंच सांगतात.

बिल्डर दोन थ्रेडच्या हाती पडला तर मात्र घात होतो. दोघंही लांबी बघतात, सात. दोघंही आपलं अक्षर त्याच घरात ठेवतात. एक अक्षर नाहीसं होतं आणि बहुतेक वेळा तक्रारही येत नाही. चुकीपेक्षा मला ही शांतता जास्त भिववते.

मग बफर बरा? त्या रात्री मी कागदावर मांडून पाहिलं. युनिकोडमध्ये ‘कि’ म्हणजे दोन चिन्हं: आधी क, मग वेलांटी. (कागदावर वेलांटी डावीकडे दिसते, साठवणीत मागून येते.) एका थ्रेडने ‘किरण’ एकेक चिन्ह करून लिहायला घेतलं, क ठेवला, कुलूप काढलं. तेवढ्यात दुसऱ्याने ‘महेश’चा म ठेवला. मग पहिल्याची वेलांटी आली आणि म वर जाऊन बसली: ‘कमि’. प्रत्येक चिन्ह जिथल्या तिथे सुखरूप, आणि नाव कुणाचंच नाही. आमच्या लॉगमध्ये हेच नाव आणि रक्कम यांच्यामध्ये घडलं होतं. दोन्ही भरी कुलपाच्या आत होत्या, त्यांच्यामधली फट उघडी होती.

आम्ही बफर काढला. प्रत्येक थ्रेडला त्याचा स्वतःचा बिल्डर दिला. नाव, रक्कम, वेळ सगळं त्याने आपल्यापाशी जुळवायचं आणि ओळ पुरी झाली की एकदाच कुलूप घेऊन ती सामाईक लॉगमध्ये ठेवायची. आता ओळीमागे एकच कुलूप लागतं.