बियाण्याचं कोहळं

जामसांवली म्हटलं की बाहेरच्यांना पिंपळाखालचा निजलेला मारुती आठवतो. मंगळवार-शनिवारची गर्दी, नारळांची दुकानं, नागपूरकडून येणाऱ्या गाड्या. या टापूत वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना आणखी एक गोष्ट आठवते: घरामागची सांदवाडी. सौंसरकडचं गाव असो की पांढुर्ण्याकडचं, घराला पुढे अंगण आणि मागे सांदवाडी असायचीच. संत्र्याचे बगीचे मालगुजार-पाटलांचे, कपाशी-तुरीची वावरं बाप्यांची आणि सांदवाडी बायांची. तिची नोंद कुठल्या पटवाऱ्याच्या खसऱ्यात नव्हती, पण घरातलं कालवण तिच्यावर चालायचं.

कुंपण बोराटीच्या काट्यांचं. ढोरं आत येऊ नयेत म्हणून घातलेलं. पण कडेला एखादी बोराटी जिवंत उभी असली तर थंडीत पोरांची चैन. तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोरांना हात लावायचा नाही, असा आजीचा कायदा होता आणि तो मोडण्यातच सगळी गोडी होती. संक्रांतीनंतर लहानग्यांच्या बोरन्हाणाला हीच बोरं. कुंपणाच्या सावलीला कामोनी आपोआप उगवायची. तिची हिरवी फळं खायची नाहीत, काळीभोर झाली की मगच तोडायची, हे शाळेत जायच्या आधीच कळलेलं असे. कोपऱ्यात एखादं तुतीचं झाड असलं तर उन्हाळ्याच्या तोंडी सदऱ्यावरचे जांभळे डाग आणि त्यावरून खाल्लेला मार ठरलेला.

मिरुग लागला की आजी ओटीत बियाणं घेऊन मागे जाई. दोडका आणि वाल कुंपणाच्या कडेला, कोहळं उकिरड्याजवळ, लवकी भिंतीलगत. वेल वर चढला की कवेलूंच्या छपरावर पसरे. कोहळ्याची फुलं पहाटे उमलत, दोडक्याची दिवस कलताना; घरात घड्याळ नसलं तरी बायांचं काही अडत नसे. पोळ्याच्या सुमारास, पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवसांत, दोडके हाताशी येत. वाल मात्र हट्टी. पावसाळाभर नुसती पानं वाढवणार आणि दिवाळीच्या सुमारास दिवस आखूड झाले की मगच फुलणार. मग थंडीभर वाल-वांगं. शिवाय भेदरं म्हणजे टोमॅटो, सांभार, मिरच्या, ढेमसं, बरबटी आणि मोरीच्या पाण्यावर धोपा, म्हणजे अळू. त्याच्या पानांच्या वड्या घरी कुणी पाहुणा आला की हमखास.

मोरीचं पाणी वाया जात नसे, कारण ते आडातून ओढून आणलेलं असे. भांडी राखेनं घासत, डोकं शिकेकाईनं धूत. त्यामुळे ते पाणी झाडाला चाले. वांग्यावर मावा दिसला की चुलीची राख पहाटेच्या दवात भुरभुरवायची. खत उकिरड्याचं. विकत आणलेली वस्तू सांदवाडीत शोधून सापडली नसती. तिथली भाजी विकायचीही पद्धत नव्हती. दोडके जास्त आले तर शेजारी जात, टोपलीभर वांगी नात्यात जात.

पण त्या सांदवाडीचं खरं पीक भाजी नव्हतं, बी होतं. वेलाला लागलेलं सगळ्यात चांगलं कोहळं आजी कधी चिरत नसे. त्याच्या देठाला चिंधी बांधायची आणि पोट्ट्यांना दम द्यायचा, "त्याले हात लावसान तं पाहाच. ते बियाचं हाय." बोंडं तळायची ती दुसऱ्या फळाची. पहिल्या बहराचं दोडकं असंच वेलावर वाळू द्यायचं, आतलं बी खुळखुळेपर्यंत. भेदराचा गर राखेत चोळून सावलीत पसरायचा. वेलाचं बी शेणात कालवून भिंतीला थापायचं म्हणजे किडा लागत नाही. एरवी घरात काटकसर असताना उत्तम फळ न खाता ठेवणं सोपं नव्हतं. पण त्यावर कुणी वादही घालत नसे.

हे बी फिरतं असे. पोळ्याला माहेरी आलेल्या लेकी जाताना पदराच्या गाठीत घेऊन जात. नागपूर आमची राजधानी होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. सोयरिकी तुटल्या नाहीत. सावनेर, काटोल, नरखेड, वरुडच्या वांग्याचं बी इकडे येई, इकडचा वाल तिकडे जाई. अडीच फुटी छोट्या लाईनच्या गाडीत बाया एकमेकींच्या ओंजळीत बी घालत. ती गाडी 2015 च्या शेवटी बंद पडली, पुढे मोठी लाईन आली. गाडीचा वेग वाढला, ओंजळी मात्र आखडल्या.

आता चित्र पार वेगळं आहे. कवेलू जाऊन स्लॅब आला, त्यावर वेल चढवला तर म्हणे गळती लागते. भावांच्या वाटण्या झाल्या आणि सांदवाडीत खोली उभी राहिली. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, जामसांवलीला 'हनुमान लोक'चं काम निघालं, जागेला मोल आलं. एवढ्या मोलाच्या जागेत धोपा कोण लावणार? मोरीचं पाणी साबण-पावडरीचं, ते नालीत जातं. वानरं पूर्वीही होती, आता वस्तीत ठाण मांडून बसतात. ज्या गावचा देव मारुती, तिथे त्यांना दगड मारायला हात उचलत नाही. मग घरधनीण जाळी विकत आणते आणि वरून नमस्कारही करते.

पण बागेची हौस मेलेली नाही. गच्चीवर ग्रो-बॅग आहेत, त्यांत नारळाचा भुसा आणि गांडूळखत. सौंसरच्या दुकानात रंगीत पाकिटं टांगलेली असतात. नागपूरच्या रोपवाटिकेतून कुणी थंडीत स्ट्रॉबेरीची रोपं आणतं. महाबळेश्वरचं फळ आपल्या कुंडीत लाल होताना पाहून त्याचा फोटो साऱ्या नात्यात फिरतो. आमच्या बोराटीचा फोटो कुणी काढला नाही, हे खरं.

जुन्या दिवसांची आरती ओवाळताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. होळीनंतर ती सांदवाडी सुकून जायची. आडाचं पाणी खाली जाई, प्यायलाच पुरत नसे, तर झाडांना कुठून? चैत्र-वैशाखात ताटात बेसन, वड्या आणि वाळवलेल्या वांग्याच्या फोडी. पावसाळ्याआधी हिरवं पान दिसणं दुर्मीळ. आणि उरलेल्या दिवसांतल्या त्या हिरवाईसाठी आजीची कंबर वाकलेली होती. आज सून नळाची तोटी फिरवते, हिरव्या जाळीखाली मे महिन्यात पालक काढते. हे सुख खोटं नाही. ते परत देऊन आडातून पाणी ओढायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

बदल जो खुपतो तो वेगळाच. आजची बाग पाकिटापासून सुरू होते आणि शेवटच्या तोड्याला संपते. पाकिटातलं बी बहुतेक संकरित असतं, औषध चोळून गुलाबी-निळं केलेलं. पीक जोमदार येतं, यात शंका नाही. पण त्याच्या फळातलं बी पेरलं तर गुण फुटतात: एका वेलाला लांब दोडके, दुसऱ्याला आखूड, तिसरा नुसताच पसरतो. म्हणजे दर मिरगाला पुन्हा दुकान. वालही आता बुटका मिळतो, दिवस लहान-मोठा न पाहता फुलतो. बंगळूरच्या संशोधन संस्थेनं काढलेले 'अर्का जय', 'अर्का विजय' हे असेच वाण. सोय झाली, पण थंडीची वाट पाहणारा आमचा तो हट्टी वाल कुणाच्या घरी उरलाय, हे विचारत फिरावं लागतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच ओळखलं. घरोघरच्या जुन्या वाणांचं बी जमवून त्यांनी बियाणं बँक उभी केली आणि 2020 च्या पद्मश्रीत त्यांचं नाव आलं. आमच्या आज्या जे काम बिनबोभाट करत, त्यालाच हा मान मिळाला असं मला वाटलं.

हे जमवायला सांदवाडीएवढी जागा लागत नाही. वाल आणि भेदर यांचं परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे दोन-तीन कुंड्यांतही गावरान बी शुद्ध राहतं. दोडका, लवकी, कोहळं यांत नर-मादी फुलं वेगळी आणि कीटक गावभर फिरणारे, तेव्हा एका जातीचा एकच वाण लावावा आणि शेजारणीलाही तोच द्यावा. तिला बी देण्याचं हेही एक व्यवहारी कारण. नळ आत्ताचा असू दे, जाळी आत्ताची असू दे, स्ट्रॉबेरीही खुशाल लाल होऊ दे. फक्त गच्चीवरच्या वेलाचं सगळ्यात देखणं दोडकं चिंधी बांधून वाळू द्यावं. भाजी वाया गेली म्हणून सून कुरकुरेल, तर पुढच्या मिरगाला त्याचं बी तिच्याच हातानं पेरून घ्यावं. त्या वर्षी चिंधी ती स्वतः बांधेल.