अक्काचे वीस हजार



दशलक्षण पर्व संपून पंधरा दिवस झाले. या वेळचं लिखाण उशिरा येतंय, कारण हे लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. जिच्याबद्दल लिहिते आहे तिच्या सुनेला विचारलं, ती हो म्हणाली, म्हणून लिहिते. नाव घेत नाही. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणतो, तेवढं पुरे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा आम्ही दोघी बरोबर होतो. विंध्यगिरीच्या पायऱ्या चढताना अक्काने माझा दंड घट्ट धरला होता. बाहुबलींच्या मस्तकावरून दुधाची धार खाली आली तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली. खाली उतरल्यावर म्हणाली, "आता बारा वर्षांनी. तेव्हा माझ्या स्वतःच्या पैशाने एक कलश घ्यायचा. मुलाकडे मागायचे नाहीत."

तेव्हापासून ती माझ्याकडे पैसे ठेवू लागली. पेन्शनमधले पाचशे, कधी हजार, भावाने भाऊबिजेला घातलेले. "घरी कुणाला बोलू नकोस गं," एवढीच अट.

मी बी.कॉम. झालेली. नोकरी केली नाही, पण हिशेबाची सवय सुटली नाही. अक्काची वेगळी वही केली. तारीख, रक्कम आणि समोर तिची सही. ती हसायची, "माझ्यावर विश्वास नाही होय?" मी म्हणायची, "तुझ्यावर आहे, माझ्यावर नको ठेवूस." २०२३ साली दोन हजारांच्या नोटा बंद होणार म्हटल्यावर तिच्या चार नोटा मी बँकेत बदलून आणल्या, तेही वहीत लिहिलं.

गेल्या वर्षभरात अक्का विसरायला लागली होती. मंदिरात तांदळाची डबी विसरायची, चष्मा विसरायची. आपण सगळ्याच विसरतो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. श्रावणात एकदा तिचं एकाशन होतं. जेवून तासभर झाला असेल, ती परत ताटावर येऊन बसली. सुनेला वाढावं की सांगावं कळेना. तिने सांगितलं. अक्का काही न बोलता उठली.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. चहा झाल्यावर हळूच म्हणाली, "माझे तुझ्याकडे वीस हजार आहेत ना? वीसच ना?"

वहीत एकसष्ट हजार पाचशे होते.

मी म्हणाले, "हो अक्का, आहेत."

का म्हणाले? ताटावरून उठलेली अक्का मला आठवली. "नाही, एकसष्ट आहेत" म्हटलं असतं तर तिला अजून एक चूक दाखवल्यासारखं झालं असतं. हे खरंच आहे. पण पूर्ण खरं लिहायचं तर त्या रात्री अंथरुणावर आणखी एक विचार आला. आता हे एकसष्ट हजार फक्त त्या वहीला आणि मला माहीत आहेत. मी ते घेतले नसते. पण विचार आला, आणि मला झोप लागली नाही.

दशलक्षणात आपल्याकडे रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय. व्रतं आणि त्यांचे अतिचार. दरवर्षी ऐकतो आणि डबी मिटून घरी येतो. या वेळी पंडितजी सत्य अणुव्रताच्या अतिचारांवर आले आणि न्यासापहाराचा अर्थ सांगू लागले. कुणी आपल्याकडे ठेव ठेवली, ती किती हे विसरून त्याने कमी मागितली आणि आपण "हो, एवढीच" म्हटलं, तर तो न्यासापहार. मी आजवर समजत होते की ठेव बुडवणं म्हणजे हात लावणं. इथे तर नुसतं "हो" पुरतं. आणि गंमत बघा, हा अतिचार अचौर्याचा नाही, सत्याचा सांगितला आहे.

माझ्या शेजारीच अक्का बसली होती. सूत्रं तिला अजून पाठ आहेत, एक शब्द चुकत नाही.

घरी येऊन मी पळवाट शोधली, तीही शास्त्रातच. रत्नकरंड श्रावकाचारात म्हटलं आहे की दुसऱ्यावर संकट आणणारं सत्यही श्रावकाने बोलू नये. मनाशी म्हटलं, हेच तर मी केलं. पण मग विचारलं, संकट कुणावर येणार होतं? अक्काला वाईट वाटलं असतं, संकट आलं नसतं. उलट मी उद्या गेले तर ते पैसे कुणाचे, हे माझ्या मुलांना वही बघून तरी कळलं असतं का? आणि सुनेला परस्पर सांगावं, तर कुणी विश्वासाने सांगितलेलं गुपित फोडणं हाही त्याच व्रताचा अतिचार आहे. गप्प राहिले तरी दोष, बोलले तरी दोष. शेवटी एवढंच कळलं की या अटीतून मला मोकळं करू शकते ती फक्त अक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेनंतर गेले. सकाळी तिचं डोकं स्वच्छ असतं. वही तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "अक्का, मी त्या दिवशी खोटं बोलले. वीस नाहीत, एकसष्ट हजार पाचशे आहेत." तिने पानं उलटली. आपल्याच सह्यांवरून बोट फिरवत गेली. सुरुवातीच्या ठसठशीत, शेवटच्या थरथरलेल्या. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं विसरले होय मी?" आणि थोड्या वेळाने, "सूनबाईला बोलाव."

सून आली, ऐकलं, आणि तिचा चेहरा उतरला. "काकू, सहा-सात वर्षं तुम्हाला माहीत होतं. आम्ही काय त्यांचे पैसे घेतले असते?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं बरोबर होतं. महिने गेले की विसरणं वाढत होतं, तेही मी पाहत होते आणि बोलले नव्हते. अजून ती माझ्याशी पूर्वीसारखी मोकळी बोलत नाही. पण त्याच आठवड्यात तिने अक्काला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या चालू आहेत. पैसे अक्काच्या नावाने बँकेत ठेवले, वारस म्हणून सुनेचं नाव लावलं. कलशाचं अक्काने सुनेला स्वतः सांगितलं.

क्षमावाणीच्या दिवशी मी अक्काचे हात धरून म्हणाले, "त्या 'हो'साठी क्षमा कर." ती हसून म्हणाली, "कसला हो गं?" तिला आठवत नव्हतं. तरीही तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रीतीप्रमाणे माझी क्षमा मागितली. तिने विसरल्यामुळे माझं सुटलं असं मला वाटत नाही. आता ते लक्षात ठेवायचं काम माझ्या एकटीचं आहे.

मैत्रिणींनो, आपण एकमेकींचं बरंच काही सांभाळतो. पैसे, दागिने, घरातली दुखणी. सांभाळा, पण लिहून ठेवा, आणि ठेवणारीला आधीच विचारा, "माझं काही बरंवाईट झालं, किंवा तुझं, तर कुणाला सांगू?" हे मी २०१८ मध्येच विचारायला हवं होतं.

२०३० ला अक्काला किती आठवेल ठाऊक नाही. कलशाची गोष्ट आता घरात सगळ्यांना माहीत आहे. कुणी ना कुणी तिला आठवण करून देईल.

जय जिनेंद्र.