मागचं गाव

ईटला मार्चअखेर सकाळी नवालाच ऊन पांढरं पडतं. उजेड आणि सावली यांच्यात मग बोटभरही मधली जागा उरत नाही. भिंतीचा एक भाग डोळे दिपवतो आणि त्याला लागून असलेली दाराची चौकट पार काळी दिसते. भूम तालुक्यातल्या या माळरानावर फोटो काढणाऱ्याला उजेडाची ददात नाही, पण हा उजेड लाड करत नाही. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती तो मोजून दाखवतो आणि डोळ्यांच्या खोबणीत मात्र अंधार ठेवतो. अशा उन्हात, आत्याच्या वाड्याच्या ढाळजेत, दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले होते.

एक माझा कॅननचा इक्सस १८५, शर्टच्या खिशात मावणारा, सव्वाशे ग्रॅमचा. दुसरा आतेभावाच्या मुलाचा सोनीचा अल्फा सेव्हन थ्री, त्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स; दोन्ही मिळून किलोभर. पोरगा आसपासच्या गावांतली लग्नं करतो. त्याच्या धंद्यात सध्या ‘मिररलेस आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि दर त्यानंतर ठरतो. माझ्या कॅमेऱ्यासारख्या अल्ट्राकॉम्पॅक्टला त्याच्या जगात आता कोणी विचारत नाही. तरी त्याने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, बटण दाबून लेन्स बाहेर येताना बघितली आणि म्हणाला, “काका, ह्याच्यात एवढं सगळं बसवलं कसं?”

खरोखरच कसं बसवलं? उत्तर सेन्सरच्या आकारात आहे. लहान कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणारा तुकडा जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. पोराच्या सोनीतला ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात तीसपट फरक. सेन्सर लहान म्हणून लेन्स लहान, लेन्स लहान म्हणून सगळी पेटी लहान. कॅसिओने २००२ साली एक्झिलिम एस-वन काढला तेव्हा त्याची जाडी अवघी ११.३ मिलिमीटर होती. त्या वेळी जगभर ही पातळपणाची शर्यतच लागली होती.

मिररलेसची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. मोठ्या कॅमेऱ्यात पूर्वी लेन्सच्या मागे पंचेचाळीस अंशात एक आरसा असायचा. बाहेरचं दृश्य त्यावर आपटून वर जायचं, प्रिझममधून फिरून डोळ्यापर्यंत पोचायचं. बटण दाबलं की आरसा खाडकन वर. त्या आरशाला उघडझाप करायला जागा लागते, म्हणून निकॉनने १९५९ साली एफ काढला तेव्हा लेन्स बसायच्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवावं लागलं. आरसा काढून टाकल्यावर त्याच कंपनीच्या झेड मालिकेत ते १६ मिलिमीटरवर आलं. पॅनासोनिकचा जी-वन २००८ साली आला, सोनीने २०१३ साली पूर्ण आकाराचा सेन्सर अशा पेटीत घातला आणि त्यानंतर आरसा परत यायची शक्यताच संपली. आता डोळ्याला दिसतं ते सेन्सरने पाहून छोट्या पडद्यावर दाखवलेलं असतं. उजेड कमी-जास्त केला की फोटो काढण्याआधीच कळतं. ईटच्या उन्हात ही सोय किती मोठी आहे, हे मागच्या पडद्यावर हाताची सावली करून बघणाऱ्या माझ्यासारख्यालाच ठाऊक.

यंत्रांची तुलना एवढ्यावर थांबवता आली असती. पण मग आत्या ढाळजेत येऊन बसली.

पोराने सोनी उचलला तशी ती म्हणाली, “आरं थांब की, पदर तर घेऊ दी डोईवर.” पदर आला, पाठ ताठ झाली, हात मांडीवर जुळले. त्याने दोन मीटरवरून फोटो घेतला. सुंदर फोटो. तिच्या डोळ्यांतला उजेड, कपाळावरचं गोंदण, कानाजवळच्या पांढऱ्या बटा, सगळं असं की हात लावून बघावं. आणि तिच्या मागे काहीच नव्हतं. तांबूस आणि मातकट रंगांचा एक मऊ पडदा, बस. ती कुंडलला असती तरी फोटो हाच आला असता आणि कोल्हापुरात असती तरी हाच.

नंतर ती शेंगा फोडायला लागली आणि मी खिशातला इक्सस काढला. तिने वर पाहिलंही नाही. लहान कॅमेऱ्यासमोर माणूस ताठ होत नाही, हातातलं काम चालू ठेवतो. त्या फोटोत रंग तेवढे खोल नाहीत, केसांच्या कडा जरा भरड आहेत. पण तिच्या मागची देवळी दिसते, त्यातली चिमणी दिसते. तुळईला टांगलेलं दावं, माळवदाच्या सवण्यातून खाली पडलेला उन्हाचा चौकोन, बळदाचं लाकडी झाकण, भिंतीवर पोरांनी कोळशाने लिहिलेले पाढे. उघड्या दारातून पलीकडची गल्ली, शेजारच्या घराचा पांढऱ्या मातीचा कोपरा आणि त्यावर वाळत टाकलेली मिरची.

याचं कारण शुद्ध गणित आहे. ८५ मिलिमीटरची लेन्स १.८ वर उघडी ठेवून दोन मीटरवरच्या माणसावर धरली, तर नीट दिसणारी पट्टी साधारण सहा सेंटीमीटरची. डोळे लख्ख, कान पुसट, भिंत विरघळलेली. माझ्या इक्ससच्या लेन्सचं खरं फोकल अंतर पाच मिलिमीटर. तो त्याच दोन मीटरवर धरला, तर मीटरभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. मागचं पुसायचं ठरवलं तरी त्याला पुसता येत नाही. कॅमेऱ्यांच्या परीक्षणांत हे त्याचं उणेपण म्हणून लिहिलं जातं. मला ते फार मोलाचं वाटतं.

मागचं पुसण्याची हौस मात्र जुनी आहे, कॅमेऱ्याइतकीच. हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या दरबाराचे छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. काचेच्या प्लेटा, तिकाटणं, काळ्या कापडाखाली घातलेलं डोकं असा तो जमाना. पुढे तालुक्या-तालुक्यात स्टुडिओ निघाले आणि प्रत्येकात एक रंगवलेला पडदा आला. त्यावर संगमरवरी जिना, कमान, हंस पोहत असलेलं तळं. नवरा-बायको बाजाराच्या दिवशी जाऊन त्यापुढे उभे राहायचे. आमच्या घरातल्या जुन्या फोटोंत आजी कुठल्या तरी महालाच्या सज्जात उभी आहे. तिने आयुष्यभर सारवलेली ओसरी, तिचं जातं, तिची चूल यांतलं काहीही कुठल्याच फोटोत नाही. गरिबी दिसू नये अशी त्यामागची इच्छा होती, आणि त्या इच्छेला मी नावं ठेवणार नाही. पण लग्नातला आजचा ‘ब्लर’ त्याच पडद्याचा वारस आहे. तेव्हा रंगाने झाकलं, आता लेन्सने झाकतो.

धाराशिव जिल्ह्यात हे झाकणं जास्त लागतं मनाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरबरोबर या जिल्ह्याचा उमरगा-लोहाऱ्याचा भाग कोसळला. माणसं मेली ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. गावंच्या गावं नव्या जागी वसवली. सास्तूरसारख्या ठिकाणी एका रात्रीत माणसांबरोबर त्यांची मागची बाजूही गेली. ईट त्या पट्ट्यापासून दूर, पण इथेही माळवदं हळूहळू उतरतच आहेत. पावसाळ्याआधी वर चढून मातीचा थर द्यायला आता घरात तरुण हात नसतात. दिवाळी सरली की बालाघाटच्या गावांतली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. कोणी पुण्यात भाड्याच्या खोलीत स्थिरावतो. मग जुनं पाडून स्लॅब पडतो, आणि तो पडायलाच हवा. आत्याच्या गुडघ्यांना आणि छातीतल्या धास्तीला स्लॅबचं घर बरं. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे अतिवृष्टीने शेतं, गोठे, भिंती वाहून नेल्या. ज्या मुलखात मागची बाजू इतक्या वेळा बदलते, पडते, वाहून जाते, तिथे ती फोटोत असणं ही चैनीची गोष्ट नाही. नातवंडांना आजीचा चेहरा तर कुठूनही मिळेल. तिच्या पाठीमागे काय होतं, ते कुठून मिळणार?

येडशीच्या रामलिंग अभयारण्यात २०२४च्या अखेरीस झाडाला बांधलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरातून पार इथवर चालत आलेला. ट्रॅप कॅमेरा म्हणजे लहान सेन्सरची साधी पेटीच. पण त्या फोटोत वाघाला त्याच्या वाटेसकट बघायला मिळालं आणि सबंध जिल्हा महिनोन् महिने त्याच्याबद्दल बोलत राहिला. नुसताच देखणा वाघ तर कॅलेंडरवरही असतो.

एवढं म्हणूनही मी मिररलेसला हात जोडतो, तो खव्याच्या भट्टीपाशी. भूम तालुका खव्याचा. कुंथलगिरीचा पेढा ज्या खव्यावर नाव मिळवून आहे तो इथल्याच म्हशींच्या दुधाचा. चार-पाच लिटर दूध आटतं तेव्हा किलोभर खवा हाती येतो, आणि त्यासाठी उजाडायच्या आधीपासून कढईपुढे उभं राहावं लागतं. पत्र्याचं शेड, खाली लाकडांचा जाळ, वर एक मिणमिणता दिवा, मध्ये वाफ. लांब दांड्याचं उलथणं तळाला लागून सारखं फिरत राहिलं पाहिजे. क्षणभर थांबलं तर दूध लागतं आणि सगळी कढई वाया. त्या अंधारात माझ्या इक्ससचं काही चालत नाही. फ्लॅश मारावा तर तो वाफेवरच आदळतो आणि फोटोत पांढऱ्या ढगाशिवाय काही उरत नाही. फ्लॅश बंद ठेवावा तर हात हलल्याने सगळं फराटलेलं, नाहीतर चेहऱ्यावर रंगीत वाळू पसरलेली. इथे पोराने सोनी आयएसओ ६४०० वर नेला, आरशाचा तर आवाज नाहीच, शटरचाही बंद केला. कढईपुढचा माणूस आपल्या लयीतच राहिला. आणि पडद्यावर जे उमटलं ते बघून माझ्या अंगावर काटा आला. जाळाचा तांबडा उजेड खालून हनुवटीवर, वाफेतून डोकावणारं कपाळ, भिजलेल्या बाहीतल्या दंडाच्या शिरा, आणि कढईच्या काठाशी दुधाला नुकती धरू लागलेली दाणेदार साय. त्या माणसाची पहाट आजवर कोणी पाहिलेली नव्हती, कारण तिला पुरेसा उजेडच नव्हता. सेन्सरच्या तीसपट क्षेत्रफळाचं मोल मला तिथे कळलं. अंधारात कष्ट करणाऱ्याला मोठ्या कॅमेऱ्याची गरज आहे. दुर्दैवाने मोठा कॅमेरा जातो तो बहुतेक वेळा झगमगाट असलेल्या मांडवात.

उन्हाळ्यातल्या धुळीने दोघांचीही परीक्षा होते. लहान कॅमेऱ्याची लेन्स आत-बाहेर करताना फटीत माती जाते आणि एक दिवस ती कुरकुरून अर्ध्यावरच थांबते. मिररलेसला आरशाचा आडोसा नाही, म्हणून लेन्स बदलताना सेन्सर जवळजवळ उघड्यावरच. पोरगा लेन्स बदलायला गाडीत बसून काचा वर करून घेतो, तोंड खाली धरतो. ही त्याची काळजी बघायला मला आवडते. जनावराच्या खुरात काटा आहे का, हे त्याचे आजोबा असंच निगुतीने बघायचे.

अल्ट्राकॉम्पॅक्टचे दिवस फोनने संपवले. २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली तो आकडा नव्वद लाखांच्या आत आला. अलीकडे शहरांतली तरुण मुलं हे जुने डिजिकॅम पुन्हा शोधू लागली आहेत. इकडे फोनने मात्र ‘पोर्ट्रेट’चं बटण दिलं, आणि मागचं सगळं जसं आहे तसं दाखवू शकणारा तोही आता हिशेब करून गाव पुसतो.

मी पोराला म्हटलं, मोठ्या कॅमेऱ्यालाही मागचं घर जपता येतं. ८५ उतरव, २८ मिलिमीटरची लेन्स लाव, छिद्र ११ वर बारीक कर, फोकस अडीच मीटरवर ठेव. सव्वा मीटरच्या पुढचं सगळं स्पष्ट येईल, आणि रंग-खोली तुझ्या सेन्सरची. तो विचारात पडला. “पर काका, ब्लर येणार न्हाई मग. गिऱ्हाईक म्हणंल, मोबाईलवर काढलाय.” त्याची अडचण खरी होती, पोट त्यावरच आहे. तरी पुढच्या लग्नात मुलीची पाठवणी होण्याआधी त्याने घरच्यांना दारापुढे उभं केलं आणि असा एक फोटो घेतला. चौकट, उंबरा, दारावरचं तोरण, ओट्यावरची घागर, डावीकडे पडायला आलेली जुनी भिंत, सगळ्यासकट.

नवरीच्या बापाने मागच्या पडद्यावर तो फोटो निरखून बघितला. आपल्या दाराकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. मग म्हणाला, “आजून एक काढा. गोठ्यापाशी. म्हशी बी येऊ द्या त्यात, त्यांच्याच खव्यावर हे लगीन निघालंय.” आणि हळदीच्या पातळातल्या बायका, टोप्यावाले पाहुणे, करवल्या, सगळं वऱ्हाड दावणीकडे हललं.