आत्याचे घर

चोर्ला घाट चढून कणकुंबी मागे टाकली की अंगावरचा गोव्याचा घाम वाळतो. लहानपणी मे महिन्यात तिथून पुढची थंड हवा म्हणजे आत्याचे घर जवळ आले, एवढेच आम्हाला कळायचे. गेल्या मार्गशीर्षात त्याच रस्त्याने मी गेलो, तो मात्र त्या घराचा व्यवहार बघायला.

बेळगावात शहापूर भागात एका अरुंद गल्लीत हे घर आहे. दगडी जोते, मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी खांब, वर कौले. दाराच्या दोन्ही बाजूंना कट्टे आहेत. आमच्या गोव्यातल्या बाल्कांवाचे हे गरीब चुलतभाऊ म्हणा. काकांनी १९६१ साली स्वतःच्या पगारातून घेतले तेव्हाच ते जुने होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे मी याच घराच्या माळ्यावर राहून शिकलो. पुढे काका गेले. दादा पुण्याला, धाकटा बंगळूरला, ताई निपाणीला दिलेली. शहाऐंशी वर्षांची आत्या तिथे एकटी. दिवाळीनंतर दादाचा फोन आला, "घर विकायचं ठरतंय. बाहेरच्याला देण्यापेक्षा तू घे. आईला मी पुण्याला नेतो."

खरे सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. निवृत्तीची थोडी रक्कम हाताशी होती. मनातल्या मनात मी माळ्यावर पुस्तकांचे कपाटही लावून टाकले.

जुन्या घरांची कामे करणारा एक सुतार बरोबर घेऊन गेलो. त्याने बोलण्यापेक्षा ठोकणे जास्त केले. खांब वाजवले, ते खणखणीत निघाले. वाशांची भिंतीत गेलेली टोके पटाशीने टोचली, तर तिसऱ्या-चौथ्या वाशाला पटाशी लोण्यासारखी आत गेली. मग मागची भिंत. वीसेक वर्षांपूर्वी काकांनी हौसेने तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. सुतार म्हणाला, "इथंच चुकलं बघा." मातीच्या भिंतीत जमिनीची ओल चढतेच. चुन्याचा गिलावा असला की ती बाहेर सुकून जाते. सिमेंटने वाट बंद झाली की ओल आत अडकून वर चढत राहते आणि माती भुसभुशीत होते. मी भिंतीवर बोटे वाजवली. पोकळ आवाज आला.

छपराचा हिशेब त्याने कट्ट्यावर बसून मांडला. मंगळुरी कौले शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. बरीचशी जुनी वापरता येतील, वासे निम्मे बदलावे लागतील. पण त्याचा खरा मुद्दा वेगळाच होता. कौलारू घराची कौले दरवर्षी मृगाच्या आधी कुणीतरी वर चढून चाळावी लागतात, फुटकी काढून नवी बसवावी लागतात. इथे सहा वर्षांत कुणी चढले नव्हते. सिमेंटची स्लॅब एकदा घातली की माणूस विसरू शकतो. कौलांना दरवर्षी आठवण लागते. दलालाने तर घराकडे मान वर करूनही पाहिले नाही. त्याने पावले टाकून जागा मोजली आणि म्हणाला, "किंमत जागेची. घराची शून्य. उलट पाडायचा खर्च तुमच्यावर."

आत्या हे सगळे आतून ऐकत होती. चहा देताना एवढेच म्हणाली, "घेशील रे. पण राहणार कोण?"

मी हसून वेळ मारून नेली.

मग कागदपत्रे. ती कानडीत. मला ओ की ठो कळेना. शेजारच्यांची कॉलेजात जाणारी नात येऊन वाचू लागली. ती अक्षरे वाचून लगेच मराठीत सांगायची आणि मध्येच आईला कानडीत काहीतरी विचारायची; प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या घरांतली ही ये-जा ठाऊक आहे. हे घर जागचे हलले नाही, पण त्याची सरकारे बदलली. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ते मुंबई राज्यात आले, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. डिचोलीच्या एका मित्राने मला गंभीरपणे विचारले, "आणि महाराष्ट्राच्या बाजूने निकाल लागला तर?" महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा घातला तो २००४ मध्ये. म्हटले, तोवर छप्पर तर थांबणार नाही ना.

अडचण सीमेची नव्हतीच. कागदावर अजून काकांचेच नाव होते. वारसा नोंद केलेली नाही, मृत्युपत्र नाही. म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आत्या, दोन मुलगे आणि ताई, चौघांचे सारखे वाटे आणि चार सह्या. आम्हा गोंयकारांना याचे नवल नाही. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेपासून लेकीचा वाटा धरलेला आहे, आणि घर विकायचे तर नवऱ्याबरोबर बायकोचीही सही लागते. (तरी नोटरीसमोर बहिणींकडून हक्क सोडवून घेण्यात आम्हीही मागे नाही, हे कबूल केले पाहिजे.) दादाला फोनवर विचारले, ताईशी बोललास? "ती करेल की सही. तिला कुठं काय हवंय!"

म्हणून मीच निपाणीला गेलो. संकेश्वर, मग तवंदीचा घाट, आणि खाली उतरले की वखारींतल्या तंबाखूचा तो उग्र वास. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी इथेच पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला होता. ताईचे सासरे त्या गर्दीत होते. त्या घरात भावाचा विषय निघाला की अजून तंबाखूचाच भाव समजतात.

ताईने जेवायला वाढले. मी विषय काढला, तशी म्हणाली, "सही देते. कुठं करायची सांग. पैसे दादा देईल तेवढे. पण मला एक सांग, आईला कुणी विचारलं?"

मी गप्प.

"पुण्यात सातव्या मजल्यावर ती काय करेल रे? इथं कट्ट्यावर बसली की सगळी गल्ली तिच्याशी बोलते. मी न्यायला गेले होते दोनदा. आली नाही. तू घर घेतोयस ते तिला बाहेर काढून, एवढं ध्यानात ठेव."

त्या दोन वर्षांत माझ्या डब्यासाठी पहाटे पाचला उठणारी बाई मी विसरलो होतो असे नाही. माळा मात्र मला तिच्याशिवाय आठवत होता. परतीच्या बसमध्ये हीच गोष्ट टोचत राहिली.

वकिलांनी सांगितले, आत्याला तहहयात राहण्याचा हक्क खरेदीखतातच लिहिता येतो. मात्र तिच्या हयातीत घर मोकळे मिळणार नाही, मागची भिंत पाडायची तरी तिला सोसेल असेच काम करावे लागेल, पैसे मात्र आता पुरे द्यायचे. घरी येऊन हे सांगितले तर आमची ही म्हणाली, "तुम्ही घर घेताय की आत्या?" मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "घ्या. पण माळ्यावरचं कपाट डोक्यातून काढा."

दादाला ही अट आवडलेली नाही. त्याच्या मते मी भावाभावांत नसलेली भानगड उभी केली. दोन आठवडे त्याचा फोन नाही, विसारही दिलेला नाही. वकील म्हणतात, सह्या होईपर्यंत एक पैसा खर्च करू नका. त्यांचे बरोबर आहे. तरी सुताराला मी छपरासाठी होळीनंतरची तारीख दिली आहे. पाऊस काही दादासाठी थांबणार नाही.

काल आत्याचाच फोन आला. तिला ताईकडून सगळे कळले होते. घराबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "सुतार येणारच आहे तर आधी न्हाणीचं दार रुंद करून दे. वॉकर आत जात नाही. आणि भिंतीला धरायला एक दांडी बसवायला सांग. डाव्या हाताला हं, उजवा दुखतो."