नावातला काना

माझा धाकटा भाऊ १९८९ साली जन्मला. आदल्या वर्षीच 'कयामत से कयामत तक' हा चित्रपट आला होता. फूफीने त्यातल्या नटाचे नाव सुचवले. दादीजान रागावल्या, "सिनेमावाल्याचे नाव कशाला?" अब्बा म्हणाले, "आमिर हे जुने अरबी नाव आहे. आमिर म्हणजे आबाद." मग दादीजान गप्प बसल्या.

अडचण आली ती पुढे. शाळेच्या दाखल्यावर कोणीतरी 'आमिर'चे 'अमीर' केले. उर्दूत हा घोटाळा होत नाही, कारण आमिर 'ऐन'ने लिहितात आणि अमीर 'अलिफ'ने. मराठीत फरक फक्त एक काना आणि एक वेलांटी! गल्लीतली मुले त्याला "काय श्रीमंत!" अशी हाक मारत. आम्हीही हसायचो. पण दहावीचा फॉर्म भरताना दाखल्यावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे निघाले. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. नाव दुरुस्त करण्यासाठी खेपा घालताना त्यांची चार दिवसांची मजुरी बुडाली. त्यानंतर त्या हाकेला घरात कोणी हसले नाही.

गेल्या वर्षी आमिरला मुलगी झाली. तिचे नाव सना ठेवले. जन्माची नोंद करायला जाताना त्याने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून नेली. नाव बरोबर लागले. आमिर खुशीत घरी आला. अम्मीने दाखला पाहिला आणि विचारले, "उर्दूत कशी लिहायची? 'से'ने की 'सीन'ने?"

'से'ने लिहिले तर स्तुती, 'सीन'ने लिहिले तर प्रकाश. आमिर आणि त्याची बायको एकमेकांकडे पाहतच राहिले.