चोवीस सेंटिमीटर

मागच्या दिवाळीत बोनस हातात पडला आणि मी जालना स्टेशन बांधायला घेतलं. घाबरू नका, पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या दुसऱ्या बेडरूममध्ये, 1:87 या प्रमाणात. आईचं मत असं की ती खोली येणाऱ्या सुनेच्या कपाटासाठी आहे आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पोरानं पोरी बघाव्यात, आगगाड्या नव्हे. आईशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी प्लायवूड आणायला गेलो.

हे खूळ तसं जुनं. इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच वर्षी कर्वे रस्त्याजवळचं जोश्यांचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघितलं होतं. भाऊसाहेब जोशी नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं, 1998 पासून लोकांसाठी खुलं. दिवे मालवतात, छोट्या गावात संध्याकाळ होते, सिग्नल बदलतात आणि गाड्या निघतात. आजूबाजूची लहान मुलं ओरडत होती. मी ओरडलो नाही इतकंच. तिथून बाहेर पडताना मनात एकच विचार होता की यात आपलं स्टेशन असतं तर... मग कॅम्पस, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, ईएमआय. खूळ तळाशी जाऊन बसलं, पण विरघळलं नाही.

आमच्या धंद्यात कुठलंही काम सुरू करताना आधी स्कोप ठरवतात. तसा बसलो. चोवीस डब्यांची गाडी उभी राहील असा प्लॅटफॉर्म म्हटला तर जवळपास 535 मीटर. भागिले 87. म्हणजे सहा मीटरच्या वर, वीस फूट! माझी खोली दहा बाय अकरा. म्हणजे प्लॅटफॉर्म करायचा तर तो हॉल ओलांडून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात संपणार. हा छंद असणाऱ्या सगळ्यांपुढे हाच पेच असतो आणि सगळे तोच मार्ग काढतात: जे कमी केलं तरी स्टेशन ओळखू येईल ते कमी करायचं. चोवीस डब्यांचे पाच झाले, मालधक्का निम्मा झाला. पुढच्या चौकातली रिक्षांची गर्दी तीन रिक्षांवर आली.

मग दुसरा प्रश्न. कुठल्या वर्षीचं जालना? आजचं म्हणजे वर विजेच्या तारा. 30 डिसेंबर 2023 ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली (2025 मध्ये ती नांदेडपर्यंत नेली), त्याच सुमाराची ही वीज. तारांचे खांब एकेक करून करायचे म्हणजे दोन वर्षांची निश्चिती. म्हणून मी व्हर्जन फ्रीज केलं: 2010. मी तेरा वर्षांचा, डिझेल इंजिनं, देवगिरी, तपोवन, आणि स्टीलच्या कारखान्यांचा माल. अल्को जातीचं इंजिन परदेशी मॉडेलवर नवा रंग मारून जमवता येतं. खरी डब्ल्यूडीएम-2 इंजिनंही मुळात अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या डिझाइनची, त्यामुळे ही फसवणूक अगदीच निराधार नाही.

सहा वीकएंड गेले. दोन टेबलं इंग्रजी एलसारखी जोडली, तयार रूळ आणले, वायरिंग केलं. वायरिंगमध्ये माझा जीव रमतो. ऑफिसात सगळं क्लाउडमध्ये असतं, हात लावायला काही नसतं. इथे सोल्डरिंग चुकलं तर बोट भाजतं, सरळ हिशोब. खडीसाठी बांधकामावरची क्रश सँड आणून चहाच्या गाळणीतून गाळली. (गाळणी नवी आणून दिली, हे आईच्या माहितीसाठी.) जानेवारीत पहिली गाडी सुरळीत एक फेरी मारून आली तेव्हा मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

आणि फेब्रुवारीत अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. 2025 मध्ये रेल्वेतून रिटायर झाले. जालन्याच्या घरात करमेना म्हणून आई त्यांना पुण्याला घेऊन आली. आल्या आल्या मी त्यांना खोलीत नेलं, दिवा लावला, गाडी सोडली. मनात म्हटलं, आता बघा.

अण्णा गाडीकडे बघतच नव्हते. टेबलाच्या कडेला हात टेकून वाकले, एक डोळा बारीक केला आणि रुळाच्या रेषेत बघत राहिले. लाईन सरळ आहे का हे बघायची त्यांची ती जुनी पद्धत, घरातली खाटसुद्धा ते तशीच बघतात. बराच वेळ गेला. मग म्हणाले,

"चांगलं केलंयस. पण लाईन अरुंद हाय."

"अण्णा, ती लहान आहे. सगळंच लहान आहे."

"लहान नाही म्हणालो. अरुंद म्हणालो. डब्याच्या मानानं बघ की. छोटी लाईन नाही आन् मोठी बी नाही. हे काय बसवायलास तू?"

मी हसलो. त्यांना चहा दिला. रात्री सगळे झोपल्यावर कॅल्क्युलेटर काढला.

या छंदात जगभर जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. त्याच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. गुणिले 87 केलं की 1435 मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज 1676. ती 87 ने भागली तर यायला हवेत 19.3 मिलिमीटर. माझ्या रुळांत पावणेतीन मिलिमीटर कमी होते. खऱ्या लाईनीवर हा फरक चोवीस सेंटिमीटरचा, वीतभरापेक्षा जास्त. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं, सगळेच सोडून देतात, कारण गाड्या आणि चाकं त्याच मापात मिळतात. पण एका माणसाने ते मापपट्टीशिवाय, चष्म्याशिवाय, दोन मिनिटांत पकडलं होतं.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णा रेल्वेत होते असं मी आयुष्यभर सांगत आलो. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय: नोकरी, रेल्वे. ऑफिसात कुणी विचारलं की "रेल्वेत". समोरचा आपोआप स्टेशन मास्तर समजतो, फार तर ड्रायव्हर. मी कधी दुरुस्त केलं नाही. अण्णा गँगमन होते. नंतर त्या पदाला ट्रॅकमन म्हणायला लागले, मग ट्रॅक मेंटेनर, हातातला हातोडा तोच राहिला. पुढे कीमन झाले, आमच्याकडे चावीवाला म्हणतात. रोज आपल्या हद्दीतले काही किलोमीटर चालायचं, निघालेली चावी ठोकायची, ढिली क्लिप बसवायची, रुळाला तडा गेलाय का बघायचं. उन्हाळ्यात जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही. शाळेच्या सहलीच्या गाडीतून एकदा मला ते दिसले होते, गाडी जाईपर्यंत बाजूला उभे, हातात हिरवी झेंडी. वर्गातली सगळी पोरं खिडकीतून त्या माणसाला हात करत होती. मी खिडकीतून आत झालो.

असो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अण्णांना 19.3 चा हिशोब दाखवला. ते म्हणाले, "1676 नाही, 1673 धर. काँक्रीटच्या स्लीपरवर तीन एमएम टाइट असती." मी सांगितलं की 87 ने भागल्यावर तीन एमएमचं काही उरत नाही. "उरत नसंल," म्हणाले, "पण हाय ते हाय."

मग जे सुरू झालं त्याला माझा नाइलाज होता. पुढची लूप लाईन, टेबलाच्या अगदी कडेची, सव्वा मीटर लांबीची, अण्णांनी उखडायला लावली. माझे तयार रूळ तपकिरी, लाकडी स्लीपरचे. "2010 साली हितं लाकडी कुठं होते?" काँक्रीटचे हवेत. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या आणल्या, करड्या रंगवल्या. स्लीपरची लांबी 2.75 मीटर, म्हणजे आपल्याकडे 31.6 मिलिमीटर. मेन लाईनला किलोमीटरला 1660 स्लीपर, हे त्यांना तोंडपाठ. लूपला कमी चालतात, पण पोराच्या घरी कसर करायला ते तयार नव्हते. दर सात मिलिमीटरला एक या हिशोबाने एकशे ऐंशीच्या आसपास स्लीपर निघाले. सगळे त्यांनी कापले. दुपारी माझी मीटिंग चालू असायची आणि पलीकडच्या खोलीतून कटरचा कर्र, कर्र आवाज यायचा.

गेज मोजायला खऱ्या लाईनीवर जसा लोखंडी गेज असतो तसा त्यांनी माझ्या जुन्या कंपनीचं आयडी कार्ड कापून बनवला. व्हर्निअर कॅलिपर मी धरला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर मी तो हातात घेतला नव्हता. तयार रुळांमधून पट्ट्या ओढून काढल्या आणि फेव्हिक्विकने एकेक थेंब. दर चार स्लीपरला कार्ड लावून बघायचं. बोटं चिकटायची आणि अण्णा "गँगमध्ये असतास तर मेटनं घरी हाकलला असता" म्हणून हसायचे.

काम करता करता ते बोलायला लागले. घरी ते कधी ड्युटीबद्दल बोलत नसत. आमची लाईन निजामाच्या काळातली, 1900 च्या आसपासची, मनमाडपासून हैदराबादपर्यंत मीटरगेज. अण्णा 1987 मध्ये लागले तेव्हाही छोटीच होती. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून मोठ्या लाईनीची गाडी पकडायची. माल असेल तर पोत्यापोत्याने एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायचा. मग नव्वदच्या दशकात रूळ रुंद करायचं काम आलं. ज्या लाईनीच्या चाव्या सात-आठ वर्षं ठोकल्या तीच त्यांनी गँगबरोबर उखडली. "वाईट वाटलं का?" मी विचारलं. "वाईट कशाचं? तवा झोपच मिळत नव्हती," म्हणाले. थोड्या वेळाने, खाली बघतच, "हात मात्र लई दिवस जुन्या मापानं जायचा."

एका शनिवारी मी छोट्या माणसांचं पाकीट आणलं. दोन सेंटिमीटरचे प्रवासी, हमाल, एक बाई पिशवी घेऊन. त्यातल्या एकाला मी नारिंगी जॅकेट रंगवलं, हातात पिनेचा हातोडा दिला आणि दोन रुळांच्या मधोमध चालत ठेवला. सरप्राइज म्हणून. अण्णांनी बघितलं, चिमटा मागितला, त्याला उचललं आणि खडीच्या बाहेर, कडेच्या सेसवर ठेवलं.

"रुळात माणूस ठेवायचा नाही."

मग ते खुर्चीत बसले. 8 मे 2020 ची पहाट आठवत असेल तुम्हाला. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मजूर लॉकडाऊनमध्ये रुळाच्या कडेने मध्य प्रदेशातल्या आपल्या घराकडे निघाले होते. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. मालगाडी आली. सोळा जण गेले. मी तेव्हा पुण्यात घरून काम करत होतो, फोनवर बातमी वाचली आणि स्टँडअप मीटिंगला बसलो. अण्णांची हद्द ती नव्हती, पण लाईन तीच.

"त्यांना वाटलं गाड्या बंद हायत," अण्णा म्हणाले. "पॅसेंजर बंद होत्या. मालगाड्या चालूच होत्या. आम्ही बी रोज जात होतो ड्युटीला. कुणी भेटलं असतं रस्त्यात तर सांगितलं असतं ना."

मी काही बोललो नाही. त्या नारिंगी जॅकेटवाल्याला फेव्हिक्विकचा एक थेंब लावला, जिथे त्यांनी ठेवला होता तिथेच.

अण्णांची लाईन मार्चच्या शेवटी पुरी झाली. सव्वा मीटर, 19.3 मिलिमीटर, खडी भरलेली, सेस झाडलेला. शेजारच्या माझ्या लाईनीपेक्षा ती उघड रुंद दिसते, आणि पाहुणे आले की आधी तिकडेच बघतात. त्यात एकच दोष आहे. माझी सगळी चाकं साडेसोळाची, त्यामुळे त्या लाईनीवर एकही गाडी चालत नाही. चाकं बदलायची तर ॲक्सल नवे करावे लागतील, बोगीही आडवी येते, इंजिनाचं तर अवघडच. परवा ऑफिसातला एक मित्र सहकुटुंब आला होता. त्याच्या मुलीने विचारलं, "आजोबा, या पुढच्या रुळावर गाडी का येत नाही?"

"ब्लॉक घेतलाय बाळा," अण्णा म्हणाले. "काम चालू हाय."

मित्राने मला हळूच विचारलं, "काका रेल्वेत काय होते रे?"

"गँगमन," मी म्हणालो. अण्णा लाल रंगाची चिंधी शोधत होते, ब्लॉक घेतला तर झेंडी लावायला पाहिजे म्हणून.